डॉम्बेक सरांचं घर परीक्षेला बसतं

सरकारच्या यादीप्रमाणे आपलं घर तपासायला बँक माणूस पाठवणार आहे, हे कळल्यावर रसेल डॉम्बेक एवढंच म्हणाला, "पाठवू दे. त्या माणसालाच चार गोष्टी शिकायला मिळतील."

हे तो स्वयंपाकघरातल्या ज्या टेबलापाशी बसून म्हणाला, त्याच्या एका पायाखाली गेली अकरा वर्षं पुठ्ठ्याची घडी होती. रसेलने एकतीस वर्षं हायस्कुलात मुलांना सुतारकाम शिकवलं होतं. ओहायोतल्या त्या लहानशा गावात असं घर नसेल की जिथे डॉम्बेक सरांच्या हाताखाली झालेलं एखादं स्टूल नाही, आणि त्यांतलं एकही डगमगत नसे. डगमगणारं सगळं त्याच्या स्वतःच्या घरात होतं. न्हाणीघरातला पंखा बंद होता, मागच्या पायऱ्यांना कठडा नव्हता आणि रंगाचे पोपडे इतके निघाले होते की घराचा मूळ रंग कोणता यावर मतभेद होऊ शकले असते. बायकोने, आर्लीनने, आठवण करून दिली की रसेल म्हणे, "या उन्हाळ्यात करतो." कुठल्या सालचा उन्हाळा, हे त्याने कधी सांगितलं नाही. तरी तो आळशी मुळीच नव्हता. स्वतःच्या घरातलं काम कसं करायचं हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे, एवढ्यावरच त्याचं समाधान होत असे.

घर विकायचं ठरलं ते आर्लीनच्या गुडघ्यांमुळे. जिना चढवेना, म्हणून बहिणीच्या गावी बिनजिन्याची बैठी जागा पाहिली. घराला दोन गिऱ्हाइकं आली. एक रोखीवाला. त्याला घर नकोच होतं, घर पाडून शेजारच्या दातांच्या दवाखान्यासाठी मोटारी लावायची जागा करायची होती. दुसरी जोसलिन व्हिटली, शाळेची बस चालवणारी, दोन मुलींची आई. तिचं कर्ज सरकारी हमीचं. हे कर्ज घेणारा नुसता स्वतः लायक असून भागत नाही, त्याने निवडलेलं घरही लायक लागतं. त्यामुळे घर विकणारे असं गिऱ्हाईक दिसलं की दाराला कडी लावतात. जोसलिनला आधी तीन घरांनी नकार दिला होता. ती भाड्याने राहत होती ती इमारत विकली गेली होती आणि सप्टेंबरअखेर तिला जागा सोडायची होती.

"रोखीवाला बरा," घरांची दलाल म्हणाली. "कटकट नाही. सरकारी तपासणीत काही निघालं तर दुरुस्ती, मग फेरतपासणी, त्यात तीन आठवडे जातील. तोवर त्या बाईची मुदत संपेल, तिचंही नुकसान आणि तुमचंही."

"जोसलिनलाच द्यायचं," आर्लीन म्हणाली. तिने एवढंच म्हणून पुन्हा वाटाणे सोलायला घेतले. आर्लीनचा आवाज कधी चढत नसे, आणि तिने असं काही म्हटल्यावर पुढे चर्चा झाल्याचं रसेलला चौतीस वर्षांत आठवत नव्हतं.

यात एक अवघड जागा होती. जोसलिन शाळेत रसेलची विद्यार्थिनी होती, आणि तिने केलेलं पक्ष्यांचं घरटं त्याने तीन वेळा परत पाठवलं होतं. एकदा बसायची दांडी ढिली म्हणून, एकदा छपराला फट म्हणून आणि तिसऱ्यांदा रंग नीट बसला नाही म्हणून. आता दलालबाईंनी तपासणीची यादी दिली, तिच्यात हेच सगळं होतं. रसेलने ती चष्मा लावून वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली आणि म्हणाला, "यादी करणारा माणूस शहाणा दिसतोय."

यादीची बातमी शेजारच्या मर्ल हॅचरला कळायला पाच मिनिटं लागली, कारण त्या वेळी तो कुंपणाशीच उभा होता. मर्लने आजवर तीन घरं विकली होती, तिन्ही आपल्याच नातेवाइकांना, त्यामुळे या विषयावर त्याचा शब्द शेवटचा असे.

"रस, तू घाबरू नकोस," तो म्हणाला. "तपासणारा यायच्या आधी भट्टीत बिस्किटं टाकायची. वास आला की माणूस विरघळतो."

"आणि माझी मागची खोपटी? तिचा रंग पार उडालाय."

"ताडपत्री टाक वरून."

"ताडपत्री कशाला म्हणून विचारलं तर?"

"सांग, आत वटवाघूळ आजारी आहे."

आर्लीनने खिडकीच्या काचेवर आतून टकटक केली. "रसेल, खोपटीला रंग दे," तिचा आवाज काचेतून दबका आला. ती खिडकी उघडत नसल्यामुळे तिला असंच बोलावं लागे.

रसेलने पहिलं काम कठड्याचं घेतलं. मागे पायऱ्या चार आणि कठडा साधा लागत होता, पण डॉम्बेक सर साधा कठडा करणार कसे? त्यांनी ओक आणला. त्याला वळण दिलं, टोकाला शंखाकृती गोलाई दिली, एकही खिळा दिसणार नाही असे सांधे केले. आठ दिवस गेले. नववा दिवस नगरपालिकेत गेला, कारण मर्लने बजावलं होतं की परवानगीचा कागद नसेल तर कठडा मोजत नाहीत. खिडकीमागच्या कारकून बाईंनी दप्तर उघडलं आणि चेहरा गंभीर केला.

"कठड्याला परवानगी लागत नाही, मिस्टर डॉम्बेक."

"छान."

"पण पायऱ्यांना लागते. आणि आमच्या नकाशात तुमच्या घराला मागे पायऱ्याच नाहीत."

"मग चौतीस वर्षं मी मागच्या दाराने खाली कसा उतरतोय?"

"ते दप्तरात नाही," बाई म्हणाल्या.

नसलेल्या पायऱ्यांसाठी असलेला कठडा, असं प्रकरण घेऊन रसेल तीन खिडक्या फिरला. चौथ्या खिडकीत एक टक्कल पडलेला माणूस होता. त्याने रसेलकडे पाहिलं, उठून उभा राहिला आणि म्हणाला, "सर, तुम्ही माझं स्टूल फोडलं होतंत." रसेल आपले कागद गोळा करू लागला. "बरं केलंत. दुसरं केलं ते अजून आहे," असं म्हणून त्या माणसाने दप्तरात 'पायऱ्या पूर्वीपासून' असं लिहून शिक्का मारला. एकतीस वर्षांच्या नोकरीत केलेल्या कडकपणाचा एवढा रोख फायदा रसेलला पहिल्यांदाच झाला होता.

मग रंग. घर एकोणीसशे बावन्न सालचं. जुन्या रंगात शिसं असतं, म्हणून अशा घरात सोललेला रंग कुठेही, अगदी खोपटीवरसुद्धा, दिसता कामा नये, असा नियम. रसेलने हे मनावर घेतलं. त्याने नाकाला फडकं बांधलं आणि ऑगस्टच्या घामट उकाड्यात घर ओलं करून खरवडून रंगवायला घेतलं. भिंती रंगवल्या, चौकटी रंगवल्या, खिडक्यांना दोन हात दिले, वरच्या फटींत लांबीचा लगदा भरून तिसरा दिला. खरं सांगायचं तर सत्तरीच्या माणसाचा तो झपाटा पाहण्यासारखा होता. मर्ल रोज खुर्ची आणून पाहायचा. खोपटी इतकी सुंदर झाली की मर्लच्या बायकोने त्याला विचारलं, "आपण तिकडे राहायला जाऊ या का?"

"खिडक्या अधूनमधून उघडून बघ, चिकटतील," आर्लीन एकदा म्हणाली.

"आर्लीन, मी एकतीस वर्षं—"

"माहीत आहे मला, मी फक्त आपलं म्हटलं."

तपासणीच्या सकाळी बिस्किटं भट्टीत होती. एक जुनी गाडी दारात थांबली. तिच्या टपावर शिडी बांधलेली. आतून एक ठेंगणी, साठी ओलांडलेली बाई उतरली. तिने गुडघ्यांना जाड पट्टे बांधले, पायांत रबरी बूट चढवले आणि स्वतःच शिडी उतरवून खांद्यावर घेतली. मर्ल मदतीला धावला, तर ती म्हणाली, "नको. मग शिडी कुठे ठेवली ते मला कळत नाही."

या प्रुइटबाई. त्यांनी बिस्किटाला हात लावला नाही. "काम करताना खात नाही मी. मागाहून लोक म्हणतात, बिस्किटावर पास केलं."

रसेलला त्या एकदम आवडल्या. परीक्षक असावा तर असा, असं त्याला वाटलं, आणि हे वाटणं फार तर सहा मिनिटं टिकलं. प्रुइटबाई वरच्या झोपायच्या खोलीत गेल्या, खिडकीच्या खालच्या चौकटीला दोन्ही हात लावले आणि वर उचललं. काही हललं नाही. त्या दुसऱ्या खिडकीकडे गेल्या. मग दुसऱ्या खोलीत. घरात नऊ खिडक्या होत्या, आणि नऊच्या नऊ रंगाने अशा बसल्या होत्या की चौकट कुठे संपते आणि खिडकी कुठे सुरू होते हे बोटालाही कळत नव्हतं.

"या उघडत नाहीत," प्रुइटबाई म्हणाल्या.

"आठवड्यापूर्वीपर्यंत आठ उघडत होत्या," रसेल म्हणाला.

"आग लागली तर माणसाला आठवड्यापूर्वीच्या खिडकीतून बाहेर पडता येत नाही." त्यांनी वही काढली, पण लिहिलं नाही. "माळ्याची झडप कुठे आहे?"

रसेलने वर पाहिलं. छत पांढरंशुभ्र, एकसंध, गुळगुळीत होतं. आणि त्याला आठवलं. गुरुवारी छत रंगवताना त्याला एक मोठी चौकोनी भेग दिसली होती. ती त्याने लांबी भरून, घासून, वर तीन हात देऊन अशी बुजवली होती की त्याचा त्यालाच अभिमान वाटला होता. आर्लीनला हाताला धरून वर आणून त्याने ती जागा दाखवलीही होती. तीसुद्धा म्हणाली होती, "कुठे आहे भेग? दिसतसुद्धा नाही."

"मीच बुजवली," रसेल म्हणाला. वर्गात कोणी इतकं खरं बोललं असतं तर त्याने निदान दोन गुण जास्त दिले असते.

"मला डोकं आणि खांदे आत घालून माळा पाहावा लागतो," प्रुइटबाई म्हणाल्या. "न पाहता 'पाहिला' असं एकवीस वर्षांत मी लिहिलेलं नाही."

त्याला जोसलिन दिसली, तीन घरांनी परत पाठवलेली, आणि चौथ्यांदा परत पाठवणारा पुन्हा आपणच. त्या वेळी निदान तिचं घरटं ढिलं होतं. आता चूक सगळी त्याची होती आणि भोगणार ती होती. त्याला मनापासून लाज वाटली.

प्रुइटबाई वही मिटून जिना उतरल्या. "मी आधी बाहेरचं करते. घर मापायचं आहे, पाया आहे, छप्पर आहे. पाऊण तास लागेल. मग आत येईन, आणि तेव्हा जे दिसेल ते लिहीन." हे त्या रसेलला नाही, आर्लीनला सांगत होत्या. आर्लीनने मान डोलावली आणि टेलिफोनकडे गेली.

मर्ल पहिला आला, हातात केक कापायची सुरी घेऊन. मग समोरच्या घरातली दोघं बहीणभाऊ आली, मग कोपऱ्यावरचा टपालवाला पिशवी तशीच खांद्यावर ठेवून आला. कोणी लांबीची पाती आणली, कोणी लोणी लावायची सुरी. आर्लीनने पायऱ्या न चढता जिन्याच्या तळाशी खुर्ची घातली आणि तिथून कामं वाटली. "मर्ल, तू पूर्वेच्या तीन. जोर करायचा नाही, फटीवरून सुरीने रेघ ओढायची. रसेल, तू वर झडप शोध. बोलत बसू नका." गावात पूर आला होता त्या वर्षी शाळेत जेवणाच्या पंगती तिनेच सांभाळल्या होत्या. चाळीस माणसं जेवून गेल्यावरही तिचा आवाज चढलेला कोणी ऐकला नव्हता.

चिर्र करत रेघा ओढल्या गेल्या आणि एकेक खिडकी सुटली. शेवटची सुटली तेव्हा मर्लने आरोळी ठोकली. ती विरायच्या आत प्रुइटबाई दारात उभ्या होत्या, आणि त्या जमिनीकडे बघत होत्या. प्रत्येक खिडकीखाली पांढऱ्या ढलप्यांचा सडा पडला होता.

"घर बावन्नचं आहे," त्या म्हणाल्या. "निघालेला रंग चालत नाही."

मर्लच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "म्हणजे बाई, नाही उघडली तरी नापास आणि उघडली तरी नापास?"

"उघडते आणि रंग निघालेला नाही, अशी खिडकी पास होते."

"अशी खिडकी जगात आहे का?"

"माझ्या घरी आहे," प्रुइटबाई म्हणाल्या. मग घड्याळाकडे पाहत पुढे म्हणाल्या, "ढलप्या ओल्या फडक्याने टिपा, झाडू नका. धूळ उडता कामा नये. मला अजून तळघर बघायचंय. आतले फोटो मी सगळ्यांत शेवटी काढते."

त्या खाली गेल्या. मर्लने रसेलकडे पाहिलं. रसेल म्हणाला, "काय बाई आहे!" आणि पहिल्यांदाच कोणाचा सल्ला न घेता सगळे कामाला लागले. टपालवाल्याने टिपलं, बहिणीने कडा ओल्या करून घासल्या, भावाने रंग दिला. मर्ल खुर्ची न घेता गुडघ्यांवर बसून फरशी पुसत होता, आणि हे दृश्य पाहायला त्याची बायको मुद्दाम कुंपण ओलांडून आली. वर रसेलने अंदाजाने पातं खुपसलं. चौथ्या ठिकाणी फट सापडली, झडप सुटली आणि खाली येताना सगळी लांबी त्याच्या डोक्यावर घेऊन आली.

प्रुइटबाई वर आल्या तेव्हा त्यांनी त्याच्या पांढऱ्या भुवयांबद्दल अक्षर काढलं नाही. शिडी लावली, विजेरी तोंडात धरली आणि चढल्या. डोकं गेलं, खांदे गेले, मग कंबरेपर्यंत गेल्या. नियमात तेवढं नव्हतं. खाली सगळे त्यांच्या रबरी बुटांकडे बघत होते.

"हे आडवे वासे कोणी बसवले?" वरून आवाज आला.

"मी," रसेल म्हणाला. "वादळात छप्पर हललं होतं तेव्हा. तीस वर्षं झाली."

विजेरीचा उजेड एकेका वाशावरून फिरला. मग वरून आलं, "चांगलं काम आहे."

ज्या कामाची आठवण कोणी कधी काढली नव्हती, जे चौतीस वर्षांत त्याने मुकाट्याने आणि वेळेवर केलेलं बहुधा एकमेव काम होतं, ते पाहणारा माणूस आज शिडी चढून आला होता. रसेलने चष्मा काढून पुसला. लांबी फार लागली होती, असं त्याने नंतर मर्लला सांगितलं.

शेवटी फोटो. नऊ खिडक्या वर सरकल्या, नऊ खाली आल्या. प्रुइटबाईंनी एकीला बोट लावलं आणि पांढरं झालेलं बोट बघितलं. मर्लला राहवेना. "ओला रंग चालतो का?"

"रंग असावा, असा नियम आहे," त्या रुमालाला बोट पुसत म्हणाल्या. "वाळलेला असावा, असं कुठे लिहिलेलं नाही." ओकच्या कठड्यापाशी त्या थांबल्या. रसेल छाती पुढे काढून उभा राहिला. त्यांनी कठडा एकदा गदागदा हलवला आणि वहीत लिहिलं: 'कठडा: आहे.' गाडीत बसल्यावर मात्र त्यांनी काच खाली केली आणि आर्लीनला विचारलं, "ती बिस्किटं उरलीत का? माझं काम झालं."

सहाव्या दिवशी जोसलिनचा फोन आला. रिसीव्हरमधून ती इतकी ओरडली की आर्लीनने तो कानापासून हातभर लांब धरला. घर पास होतं, एकही शेरा नव्हता.

त्या संध्याकाळी रसेल स्वयंपाकघरात आला तर आर्लीन उघड्या खिडकीशी उभी होती. अठरा वर्षांनी ती खिडकी उघडली होती. मर्लने कापलेल्या गवताचा वास आत येत होता. न्हाणीघरातला पंखा गुणगुणत होता. रसेलने सगळीकडे नजर फिरवली आणि त्याचा जीव कालवला.

"आर्लीन, नको विकायला. किती छान झालंय बघ. जिन्याला खुर्ची बसवून देईन मी, विजेवर वर जाणारी. या उन्हाळ्यात—"

आर्लीन हसायला लागली. हसता हसता तिने डोळे पुसले. "अठरा वर्षं मी काचेवर टकटक करून तुझ्याशी बोलले, रसेल. सरकारने सांगितलं आणि पाऊण तासात उघडली." तिने त्याचा रंगाने भरलेला हात हातात घेतला. "मला आवडलंय हे घर. आत्ताच खरं आवडायला लागलंय. पण तिला आपण शब्द दिलाय, आणि तिच्या मुलींनी खोल्यासुद्धा वाटून घेतल्यात."

तिच्या जागी आपण असतो तर असं बोलता आलं असतं का, याचा रसेलने प्रामाणिकपणे विचार केला. आला नसता शब्द तोंडातून. चौतीस वर्षं आपण कोणाबरोबर राहत होतो, हे त्याला त्या उघड्या खिडकीशी नीट दिसलं, आणि त्याने ते तिला सांगितलंही. ती म्हणाली, "बरं. आता टेबलाचा पाय बघ." त्याने त्याच रात्री जेवणाआधी तो बघितला.

कागदांवर सह्या झाल्या. दोन आठवड्यांनी जोसलिनने दोघांना कॉफीला बोलावलं. दारापर्यंत गेल्यावर दोघंही थबकली. खिशात किल्ली नव्हती, आणि आपल्याच दाराची घंटी आजवर दोघांपैकी कोणी दाबली नव्हती. आर्लीनने दाबली. आत काहीच झालं नाही. तिने पुन्हा दाबली आणि मग रसेलकडे पाहिलं.

"यादीत नव्हती ही," रसेल पुटपुटला. त्याने कोटाच्या खिशातून पेचकस काढला आणि घंटीची चकती उघडली.

पावलांचा आवाज ऐकून जोसलिनने दार उघडलं. "अहो सर, हे काय? आत या ना दोघं!"

"दार लाव," डॉम्बेक सर म्हणाले. "घंटी वाजली की उघड."

जोसलिनने हसून दार लावलं. दोन मिनिटं गेली. एक तार सुटली होती, ती बसली. आर्लीनने बोट ठेवलं, आणि आत खणखणीत घंटी वाजली.

"कोण आहे?" जोसलिनने आतून विचारलं.

त्या दाराशी हा प्रश्न त्यांना चौतीस वर्षांत कोणी विचारला नव्हता. रसेलने पेचकस परत कोटाच्या खिशात टाकला.

आर्लीनने पायपुसण्यावर पाय पुसले. "पाहुणे," ती म्हणाली.